सिद्धार्थ गौतमानं घर का सोडलं? मुलीला काय सांगू?

ऐरोलीची_आई
नमस्कार मंडळी. माझी मुलगी सहावीत आहे. शाळेनं 'थोर व्यक्तीची ओळख' असा प्रकल्प दिलाय आणि तिनं गौतम बुद्ध निवडले. वहीत तिनं आपल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट लिहिली: राजपुत्र, रथ, वाटेत म्हातारा, आजारी माणूस, प्रेत, शेवटी संन्यासी, आणि मग मध्यरात्री गृहत्याग.

आमच्या शेजारच्या काकू दर वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांत, विहारात ग्रंथवाचनाला बसतात. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "बाळा, हे असं नव्हतं. रोहिणी नदीच्या पाण्यावरून सिद्धार्थांच्या शाक्य कुळाचं शेजारच्या कोलिय कुळाशी भांडण होतं, त्यातून ते बाहेर पडले." मुलगी तशीच वही घेऊन माझ्याकडे आली. "आई, खरं कुठलं?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या घरात बुद्धजयंतीची सुट्टी एवढीच ओळख होती. काकूंना मी वीस वर्षं ओळखते, पण त्यांचा धर्म नेमका काय सांगतो हे एकदाही विचारलं नाही, याचं आता फार वाईट वाटतंय. तर दोन प्रश्न आहेत. घर का सोडलं? आणि बौद्ध लोक मुळात काय मानतात? अकरा वर्षांच्या मुलीला कळेल असं सांगा. पुढच्या शुक्रवारी प्रकल्प द्यायचाय.

कळवा_स्लो
आम्हालाही चार दृश्यंच शिकवली होती. रोहिणी नदीचं आज पहिल्यांदा ऐकतोय. वाचत बसतो.

निवृत्त_पाली
ताई, मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे. मी पाली शिकवत होतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी 'राजपुत्र'. शाक्यांचं गणराज्य होतं. कुळांतले लोक संथागारात, म्हणजे सभागृहात, एकत्र बसून निर्णय घेत. सिद्धार्थांचे वडील शुद्धोदन त्यातले एक प्रमुख. अयोध्येसारखं राज्य आणि सिंहासन डोळ्यांपुढे आणू नका. जन्म लुंबिनीचा, आज ती नेपाळात आहे. सम्राट अशोकानं तिथं खांब उभारून त्यावर कोरलंय की शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले, म्हणून या गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा फक्त आठवा भाग घेतला. दगडावरचा इतका जुना पुरावा हाताशी असणं ही मोठी गोष्ट आहे.

आता चार दृश्यं. ती कथा दीघनिकाय या जुन्या पाली ग्रंथातल्या महापदान सुत्तात आहे, पण तिथं ती गौतमाची नाहीच, विपस्सी नावाच्या आधीच्या बुद्धाची आहे. गौतमांना ती पुढच्या चरित्रकारांनी लावली. स्वतः गौतम काय सांगतात? अंगुत्तर निकायात म्हणतात, मी सुखात वाढलो, तीन ऋतूंना तीन वाडे होते, तरी मनात आलं की मीही म्हातारा होणार, आजारी पडणार, मरणार. त्या विचारानं तारुण्याचा, आरोग्याचा आणि जगण्याचा मद उतरला. तिथं रथ नाही, सारथी नाही. आणि मज्झिम निकायातल्या अरियपरियेसन सुत्तात म्हणतात की आईवडिलांची इच्छा नसताना, ते रडत असताना, मी केस-दाढी उतरवून काषाय वस्त्रं घेतली. आईवडील समोर रडत होते, म्हणजे कुणाला न सांगता मध्यरात्री पळून जाणं याच्याशी जुळत नाही.

धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या पुस्तकात हेच दाखवून दिलं आणि सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताकडे लक्ष वेधलं. त्यात बुद्ध आपल्याला वैराग्य कसं आलं ते सांगतात:

फन्दमानं पजं दिस्वा, मच्छे अप्पोदके यथा;
अञ्ञमञ्ञेहि ब्यारुद्धे, दिस्वा मं भयमाविसि.

थोड्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहिलेली पाहिली आणि मला भय वाटलं. कारण आहे ते हे.

घोडबंदरचा_रहिवासी
थोड्या पाण्यातले मासे! आमच्या सोसायटीत मे महिन्यात हेच चालतं. टँकर उशिरा आला की ए विंग आणि बी विंगचे लोक गच्चीवर, टाकीच्या व्हॉल्व्हपाशी जमतात. गेल्या वर्षी दोन सख्खे मित्र त्या व्हॉल्व्हवरून बोलायचे बंद झाले, अजून बोलत नाहीत. शाक्य आणि कोलियांचं भांडण मला एकदम घरचं वाटलं. आमच्या मीटिंगला एक सिद्धार्थ हवा होता :)

भीमाची_लेक_घणसोली
जय भीम, नमो बुद्धाय. ऐरोलीच्या ताई, काकूंनी सांगितलं ते बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातलं आहे. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आला. आमच्या घरी आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी त्याची पानं वाचली जातात.

बाबासाहेबांचा प्रश्न साधा होता. म्हातारपण, आजार, मरण या रोजच्या गोष्टी. २९ वर्षांच्या माणसानं त्या पहिल्यांदाच पाहिल्या, हे बुद्धीला पटतं का? मग ते सांगतात ती हकीकत अशी. सिद्धार्थ शाक्य संघाचे सभासद होते. रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी मारामारी झाली आणि सेनापतीनं युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उभे राहिले आणि म्हणाले, युद्धानं प्रश्न सुटत नाही, दोष कुणाचा ते आधी तपासा. बहुमत विरुद्ध गेलं. सैन्यात यायलाही त्यांनी नकार दिला. मग संघाची शिक्षा: एकतर देहान्त किंवा देशत्याग, नाहीतर घरच्यांवर बहिष्कार आणि जमिनी जप्त. घरच्यांना झळ पोचू नये म्हणून त्यांनी परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, होऊन देश सोडणं पत्करलं.

आणि पुढचा भाग कुणी सांगत नाही. काही दिवसांनी निरोप येतो की भांडण मिटलं. म्हणजे परत जायला हरकत नाही. तिथं ते विचार करतात, हे भांडण मिटलं पण माणसामाणसांतलं भांडण कुठं मिटलंय? म्हणून ते परत जात नाहीत. हे पान माझी आजी दर वर्षी दोनदा वाचायला लावायची.

तर्ककठोर
मला आदर ठेवूनच एक विचारायचंय. ही हकीकत जुन्या ग्रंथात अशीच आहे का? की बाबासाहेबांची मांडणी आहे?

निवृत्त_पाली
रास्त प्रश्न. रोहिणीचं भांडण जुनं आहे, अट्ठकथांमध्ये, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकांमध्ये, येतं. पण तिथं ते बोधिप्राप्तीनंतरचं आहे. दोन्ही बाजू शस्त्रं घेऊन नदीकाठी उभ्या, आणि बुद्ध मध्ये जाऊन विचारतात, पाण्याचं मोल किती? क्षत्रियांच्या रक्ताचं किती? मग थोड्या पाण्यासाठी अमोल रक्त का सांडता? ते भांडण आणि अत्तदण्ड सुत्तातलं भय यांची सांगड घालून त्याला गृहत्यागाचं कारण मानणं, ही आधी कोसंबींची दिशा आणि मग बाबासाहेबांनी तिला दिलेलं पूर्ण रूप. मला स्वतःला ती मांडणी चार दृश्यांपेक्षा मूळ गाथेच्या जवळची वाटते. मुलीनं दोन्ही लिहावं, आणि कुठली गोष्ट कुठे सापडते तेही लिहावं.

कोपरी_पूर्व
बुद्ध हे विष्णूचे नववे अवतार ना? आमच्या घरी दशावताराच्या चित्रात आहेत. तेही लिहायला हवं.

भीमाची_लेक_घणसोली
दादा, तुमच्या घरातल्या चित्राबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आम्ही ते मानत नाही, आणि 'मानत नाही' हे आम्ही शपथेवर म्हटलंय. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी भन्ते चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील, म्हणजे बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं आणि पाच शीलं, घेतलं आणि मग समोरच्या लाखो लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, ही त्यातली एक. माझी आजी त्या गर्दीत होती, कडेवर माझा बाबा. ती सांगायची, पांढरं लुगडं उसनं आणलं होतं आणि ते मळू नये म्हणून दिवसभर खाली बसली नाही.

बुद्धांनी स्वतःला देव म्हटलं नाही, देवाचा दूतही म्हटलं नाही. मी वाट दाखवणारा आहे, चालायचं तुम्हीच. प्रकल्पात एकच वाक्य लिहायचं असेल तर मुलीनं हे लिहावं.

कोपरी_पूर्व
हे मला खरंच माहीत नव्हतं. आजींची गोष्ट वाचून थांबलो जरा. धन्यवाद ताई.

दिवागाव_कोळी
मी ऐरोलीजवळच्या दिवा कोळीवाड्यातला. ती माशांची गाथा परवापासून डोक्यातून जात नाही.

ओहोटीला खाडीचं पाणी उतरतं तेव्हा खाजणात डबकी राहतात. घोट्याएवढं पाणी. त्यात बोईटं अडकतात. आधी गोल फिरतात, मग पाणी तापायला लागलं की एकमेकांच्या अंगावर चढतात, शेपट्या आपटतात, चिखल उडतो. जो वर चढतो त्याला वाटतं आपण सुटलो, पण वर तर पाणीच नाही. लहानपणी आम्ही हातानं धरायचो. भरती आली की उरलेली बोईटं त्याच डबक्यातून अशी निघून जातात की जसं काही झालंच नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ते डबकं नीट बघितलं होतं. वडिलांना गाथा वाचून दाखवली. ते म्हणाले, हा माणूस पाण्याजवळ राहिलेला आहे.

एक शंका. कोलिय म्हणजे आम्ही कोळी का?

निवृत्त_पाली
नाही, नुसत्या नावाच्या सारखेपणावरून तसं नातं जोडता येत नाही. कोलिय हे शाक्यांच्या शेजारचं, रोहिणीपलीकडचं कुळ. दोघांत सोयरीकही होती. पण तुमच्या वडिलांचं वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतलंय.

रात्रपाळी_सिस्टर
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणीच वळलं नाही, मी प्रयत्न करते. ठाण्यात एका रुग्णालयात २२ वर्षं नोकरी करते. 'बुद्ध म्हणतात सगळं दुःखच आहे' हे ऐकून पूर्वी मला तो निराश धर्म वाटायचा. मग एका भन्तेंनी चार आर्यसत्यं आमच्या भाषेत सांगितली. रोग आहे. रोगाला कारण आहे. रोग बरा होऊ शकतो. आणि त्यावर उपचार आहे. दुःख, समुदय, निरोध, मार्ग. आम्ही पेशंटला 'तुम्हाला आजार आहे' म्हणतो तेव्हा आम्ही निराशा पसरवत नाही. तपासणी बरोबर झाली तर औषध लागू पडतं.

कारण काय, तर तृष्णा. हे हवंच, हे असंच राहायला हवं, हे नकोच. आणि औषध म्हणजे अष्टांगिक मार्ग: सम्यक दृष्टी, संकल्प, वाचा, कर्मान्त, आजीव, व्यायाम, स्मृती, समाधी. यातला 'व्यायाम' म्हणजे जोर-बैठका नव्हेत, मनाचा योग्य प्रयत्न. मुली तिथे चुकतात म्हणून सांगितलं.

किसा गोतमीची गोष्टही घालायला सांगा. मेलेलं मूल घेऊन ती औषध मागत फिरते. बुद्ध सांगतात, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण. मोहरी प्रत्येक घरात मिळते, तसं घर मिळत नाही. आमच्या वॉर्डात रात्री तीन वाजता नातेवाईक एकमेकांना चहा देतात, मघापर्यंत अनोळखी असलेले. तेव्हा मला ही मोहरी आठवते.

पारसिक_दहा_दिवस
सिस्टर, सुंदर लिहिलंत. मी मात्र म्हणेन की हे वाचून कळत नाही, बसून कळतं. बेलापूरला पारसिक हिलवर विपश्यना केंद्र आहे, तिथे दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारला घंटा, मोबाईल जमा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास. पाचव्या दिवशी गुडघा असा पेटला की उठून पळावंसं वाटलं. नुसतं बघत राहिलो आणि ती आग आपोआप फुटून विरली. 'अनिच्च' हा शब्द तेव्हा मला कळला. सगळं बदलतंय, गुडघ्याची कळसुद्धा. खरा धम्म हा आहे, बाकी इतिहास.

भीमाची_लेक_घणसोली
दादा, तुमचा अनुभव खरा आहे, पण 'बाकी इतिहास' याला माझा विरोध आहे. उपाली न्हावी होता. शाक्य कुळातले तरुण दीक्षा घ्यायला आले तेव्हा त्यांनीच बुद्धांना विनंती केली, याला आमच्याआधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याच्यापुढे वाकावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरेल. तसंच झालं. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे भिक्खूंच्या सभेत, विनय (भिक्खूंचे नियम) सांगितला तो याच उपालीनं. जिथं जातीचा माज असा उतरतो तिथंही धम्मच आहे. डोळे मिटून जितका मिळतो तितकाच डोळे उघडून.

पारसिक_दहा_दिवस
उपालीची गोष्ट माहीत नव्हती. 'बाकी इतिहास' हे शब्द मागे घेतो. पण मुलीला दहा मिनिटं श्वास बघायला मात्र सांगा.

तर्ककठोर
माझी अडचण वेगळी आहे. आत्मा नाही म्हणता, मग पुनर्जन्म कुणाचा? हे मला कधीच जुळलं नाही.

निवृत्त_पाली
मिलिंद राजानं नागसेनांना हेच विचारलं होतं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. नागसेनांनी दिलेले दोन दाखले. रात्रभर दिवा जळला, पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? एक नाही, पण वेगळीही म्हणता येत नाही. आणि दुसरा थेट स्वयंपाकघरातला: दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. तूप म्हणजे दूध नव्हे, पण दुधावाचून तूप नाही. काहीतरी कायमचं एका देहातून दुसऱ्यात जातं असं नाही, कारणातून कार्य होत जातं. यालाच प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. हे असेल तर ते होतं, हे थांबलं तर ते थांबतं. बाबासाहेबांनीही पुनर्जन्म स्वीकारताना आत्म्याचं स्थलांतर नाकारलंच आहे.

येऊर_पायवाट
विषयांतर होतंय, पण हा धागा ठाण्या-नवी मुंबईतल्या लोकांचा आहे म्हणून सांगतो. आपण राहतो तो कोकणपट्टा म्हणजे जुना अपरान्त. अशोकाच्या काळी पाटलिपुत्रच्या तिसऱ्या संगीतीनंतर धम्म सांगायला ठिकठिकाणी भिक्खू पाठवले, त्यात अपरान्ताला आले ते धम्मरक्खित, आणि ते यवन होते असं महावंस हा श्रीलंकेचा जुना पाली ग्रंथ सांगतो. एक ग्रीक माणूस आपल्या किनाऱ्यावर बुद्धवचन सांगतोय, विचार करा.

नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरला. आत दगडी पेटी, त्यात भिक्षापात्राचे तुकडे आणि आठ छोट्या ब्राँझच्या बुद्धमूर्ती. तिथंच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठवा लेख म्हणजे राजानं शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केली आणि संबोधीला, बोधगयेला गेला, तो. आणि येऊरचं जंगल ज्या राष्ट्रीय उद्यानात येतं, त्याच उद्यानात पलीकडे कान्हेरी. शंभरावर लेणी, आणि लेण्यालेण्यापाशी पाण्याच्या पोढी, म्हणजे कातळातल्या टाक्या. पावसाचं पाणी कातळातल्या पाटांनी पोढीत उतरतं. दानलेखांत कल्याण आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. पाण्यावरून भांडण नको म्हणून बाहेर पडलेल्या माणसाचे भिक्खू, त्यांनी पाणी कसं साठवलं ते मुलीला दाखवाच.

पुण्ण भिक्खूही परंपरेनं आपल्या सोपाऱ्याशी जोडलेला. तो सुनापरान्ताला निघाला तेव्हा बुद्ध म्हणाले, तिथले लोक उग्र आहेत, शिव्या दिल्या तर? म्हणेन, भले आहेत, हात तरी उचलला नाही. हात उचलला तर? भले आहेत, ढेकळं मारली नाहीत. ढेकळं मारली तर? काठी मारली नाही. असं करत करत थेट जिवावर येईपर्यंत. मग बुद्ध म्हणाले, तू जा.

कळवा_स्लो
तिथले उग्र लोक म्हणजे आपणच की :) लोकलच्या दारात रोज हा धडा गिरवायला हवा.

घोडबंदरचा_रहिवासी
काल बी विंगच्या त्या मित्राला फोन केला. एवढंच सांगायला आलो होतो.

भीमाची_लेक_घणसोली
दादा, साधु साधु साधु.

ताई, पंचशील राहिलं, ते लिहून देते. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा या पाचांपासून दूर राहीन. पण शब्द नीट बघा: 'वेरमणी सिक्खापदं समादियामि', म्हणजे दूर राहण्याचा हा शिकण्याचा नियम मी स्वतः घेतो. वरून आलेली आज्ञा नाही. चुकलं तर पुढच्या वंदनेला पुन्हा घ्यायचं. मुलीला हे आवडेल, कारण यात कुणी मारकुटे मास्तर नाहीत.

ऐरोलीची_आई
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. प्रकल्प काल दिला. काल पौर्णिमा होती म्हणून काकू आम्हा दोघींना विहारात घेऊन गेल्या. मुलगी त्यांच्या शेजारी बसली होती, हात जोडून, 'सिक्खापदं'ला अडखळत. काकूंनी तिच्यासाठी तो शब्द दोनदा सावकाश म्हटला. नंतर खीर. मी वीस वर्षांत पहिल्यांदा गेले त्या दारातून.

पहिल्या पानावर तिनं डबक्यातले मासे काढले. खाली गाथा, देवनागरीत, तिच्या अक्षरात. मग दोन्ही गोष्टी, कुठली कुठे लिहिली आहे त्यासकट, आणि शेवटी 'मला दुसरी पटते' असं स्वतःचं मत.

आता नवा प्रश्न घेऊन बसली आहे. "त्यांनी घर सोडलं तेव्हा राहुल तर लहान होता. त्याचं काय झालं?"

निवृत्त_पाली
तिला सांगा, बुद्ध कपिलवस्तूला परत आले तेव्हा यशोधरेनं राहुलला त्यांच्याकडे पाठवलं, जा, वारसा माग. तो मागे मागे चालत राहिला, "श्रमणा, मला वारसा दे" म्हणत. बुद्धांनी आपल्या सारिपुत्त या शिष्याला सांगून त्याला श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, केलं. आजोबा शुद्धोदन फार व्याकूळ झाले. आधी मुलगा गेला, आता नातू. ते बुद्धांना म्हणाले, पुत्रप्रेम कातडी कापतं, मांस कापतं, हाडापर्यंत जातं, तेव्हा आईबापांच्या परवानगीवाचून कुणाच्या मुलाला दीक्षा देऊ नका. बुद्धांनी ते ऐकलं आणि तसा नियम केला. तो विनयात आहे आणि आजही पाळला जातो.

ऐरोलीची_आई
वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी आजोबांचं ऐकलं."

@येऊर_पायवाट, पावसाळा संपला की कान्हेरीला पोढी बघायला यायचंय. काकूही येतात म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा चढ किती आहे ते आधी सांगा.